वैशाखातला नाताळ

डिसेंबर लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भांडण सुरू होतं, आणि ते दरवर्षी एकाच जुन्या इंग्रजी सिनेमावरून होतं. माझा धाकटा भाऊ सुधीर लिहितो की इतका घरगुती, इतका हसवणारा सिनेमा पुन्हा झाला नाही, आणि नाताळ म्हणजे काय हे आपल्याला त्यानंच शिकवलं. त्याचीच थोरली मुलगी खाली लिहिते की तो बघताना तिला गुदमरायला होतं, सगळे हसतात आणि एक बाई राबते. मग दोन तट पडतात. कोणी म्हणतं, जुन्या गोष्टी आजच्या चष्म्यातून बघू नका. कोणी म्हणतं, तेव्हाच्या चष्म्यातूनही दिसत होतं, कोणी बघितलं नाही एवढंच. शेवटी कोणीतरी लिहितं, "शैलाआत्याला विचारू नका." कारण माझं मत काय आहे आणि ते मी पहिल्यांदा कसं मांडलं, ही गोष्ट आमच्या घराण्यात अजून दबक्या आवाजात सांगितली जाते. शैलानं चारचौघांत बापाचा अपमान केला, असा त्या गोष्टीचा सारांश. तो सांगणाऱ्यांतले बहुतेक तेव्हा जन्मलेही नव्हते. मी तिथे होते, म्हणून मीच लिहून ठेवते.

आमचं घर मांडवीला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे ओटी, मागे परसात विहीर. घरात आम्ही चौघं, आई, आत्या, सुधीर आणि मी. पाचवे दादा, म्हणजे आमचे वडील. ते मालवाहू जहाजावर खानसामा होते. वर्षातले नऊ-दहा महिने घरात त्यांचा खुंटीवरचा शर्ट आणि परदेशी तिकिटं लावलेली पत्रं एवढेच ते असायचे. सकाळी विहिरीच्या रहाटाची कुरकुर, मग मासेवालीची हाक, मग आत्याचं जपाच्या मधेमधे आईला हे आण ते आण सांगणं, हे आवाज मी आजही डोळे मिटले की ओळीनं ऐकू शकते. आत्या दादांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. घर तिच्या शब्दानं चालायचं आणि आईच्या हातांनी. पावसाळ्याआधी कौलं परतायला गडी मिळाला नाही तर आई स्वतः शिडीवर चढायची. सुधीरला विषमज्वर झाला तेव्हा एकवीस दिवस तिनं त्याच्या उशाशी काढले, आणि त्या महिन्यात दादांना गेलेल्या पत्रात 'इकडे सर्व क्षेम' असं मीच लिहिलं, कारण आत्यानं तसं सांगितलं. दूर समुद्रात माणसाला काळजी कशाला लावायची, असं तिचं म्हणणं. दादांची सगळी पत्रं मी लिहायची, आत्या सांगायची, आणि शेवटी आईला विचारलं जायचं की तुला काही घालायचं आहे का. आई म्हणायची, नमस्कार लिही.

दादा आले की घराचं रूप पालटायचं. ते नव्हते तोवर कुळथाची पिठी आणि सुकट, ते आले की पापलेट, सुरमई, कोंबडी. ते स्वतःही स्वयंपाकघरात शिरायचे. जहाजावरच्या सव्वीस माणसांना जेवू घालणारा माणूस तो, त्यांच्या हाताला चव होती यात वाद नाही. अंड्याचं पुडिंग करायचे, त्यासाठी घरातली सगळी पातेली बाहेर निघायची, आणि ते पुडिंग ओटीवर नेऊन आळीतल्या लोकांना वाटत असताना आई मागे विहिरीवर ती पातेली घासत बसायची. लोक म्हणायचे, काय हौशी माणूस. आणि ते खरंच होतं. त्यांच्याइतका हौशी आणि मायाळू माणूस मी पुढच्या आयुष्यातही फार पाहिला नाही. ही गोष्ट त्यांच्याविरुद्ध आहे असं कोणी समजू नये.

अशाच एका रजेला ते व्हीसीआर घेऊन आले, आणि त्याच्याबरोबर एकच कॅसेट. जहाजावर नाताळाच्या दिवशी जेवणं झाल्यावर सगळ्यांनी मिळून तो सिनेमा बघितला होता, आणि दादांनी तो कॅसेटवर उतरवून घेतला होता. तो होता एका मोठ्या कुटुंबाच्या नाताळाचा. बाप गावोगाव फिरून शिलाई यंत्रं विकणारा, सणाच्या आदल्या दिवशी घरी येणारा. आल्याआल्या तो घर सजवायला घेतो. जिना रंगवतो, आणि रंग ओला असतानाच वीस पाहुणे येऊन त्याला चिकटतात. शेकोटीचं धुराडं साफ करायला जातो आणि सगळी बैठक काजळीनं काळी होते. एक मामा आहे, जो केकवर बसतो आणि कबूल करत नाही. ही सगळी गोष्ट त्या घरातला मुलगा मोठेपणी आठवून सांगतो आहे, आणि शेवटी काळ्या तोंडांचे सगळे पियानोभोवती उभे राहून गातात. बाहेर बर्फ पडत असतो. आत्याला तो बर्फ पहिल्यांदा तांदळाचं पीठ वाटला होता.

आळीत व्हीसीआर दुसरा नव्हता. रविवारी दुपारी चारला ओटी भरायची. इंग्रजी कोणाला येत नव्हतं, म्हणून दादा टीव्हीच्या शेजारी उभे राहून मराठीत सांगायचे. कळ दाबून चित्र थांबवायचे, "हा बघा, हा त्यांचा मामा, नुसता खायला येतो," असं म्हणायचे आणि पुन्हा सुरू करायचे. त्यांच्या सांगण्यानं लोक सिनेमापेक्षा जास्त हसायचे. दादांच्या रजा कधीही पडायच्या, बहुधा आंब्याच्या दिवसांत. त्यामुळे आमचा नाताळ वैशाखात यायचा. मागच्या खोलीत पेंढ्यावर आंब्याची आढी घातलेली, घामाच्या धारा, हातात पंखे, आणि पडद्यावर बर्फ. एका वर्षी दादांनी भाट्याच्या किनाऱ्यावरून सुरूची फांदी आणून रॉकेलच्या डब्यात उभी केली आणि तिला चमकीचे कागद लावले. आत्या दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

मतं मात्र पहिल्या दिवसापासून वेगळी होती. शेजारचे साळवी मास्तर, मराठी शाळेतून निवृत्त झालेले, म्हणाले की यात बापाला मूर्ख दाखवला आहे, पोरांपुढे असं ठेवू नये. तरी ते एकही रविवार चुकवत नसत. आत्याचं म्हणणं, घरात बूट घालून वावरणाऱ्यांचा सण कसला. पण शेवटच्या गाण्याला ती डोळे पुसायची. सुधीरला तर प्रत्येक प्रसंग पाठ होता. दादांनी आईला विचारलं, तुला कसा वाटला? आई म्हणाली, "चांगला आहे. पण ती बाई एकदाही बसली नाही हो." सगळे हसले. दादाही हसले. आईनं सिनेमा बघताना तेवढंच काय ते बघितलं, असा त्यात विनोद होता.

त्या सिनेमात एक जागा होती. जेवणाच्या थोडं आधी बाप स्वयंपाकघरात येतो. बायको काजळीनं माखलेल्या हातांनी ओव्हनपाशी उभी आहे. तो मागून येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, यासारखा नाताळ नाही. ती वळून त्याच्याकडे बघते, दोन वाक्यं बोलते आणि पुन्हा ओव्हनकडे वळते. दादा ती दोन वाक्यं अशी सांगायचे, "दमलात ना प्रवासानं? बसा तुम्ही, मी कॉफी करते." आणि ओटीवरून कोणीतरी म्हणायचं, गुणाची हो बाई.

कॉलेजात मी इंग्रजी विषय घेतला. वर्षभर रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या कानाला लावून बसायचे, शब्दकोश उशाशी असायचा. त्या उन्हाळ्यात दादा आले आणि पहिल्याच रविवारी सिनेमा लागला. मला आता तुकडे तुकडे कळू लागले होते. आधी मजा वाटली. मामाच्या तोंडी दादांनी स्वतःचे कितीतरी विनोद घातले होते, आणि खरं सांगायचं तर ते मूळच्यापेक्षा बरे होते. पण स्वयंपाकघराची जागा आली आणि त्या दोन वाक्यांत मला कॉफी हा शब्द ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवशी ओटीवर कोणी नसताना मी कॅसेट लावली. तेवढाच भाग मागे नेऊन नेऊन ऐकला, वहीत लिहिला, शब्द शोधले. अर्धा तास तरी गेला असेल. ती बाई म्हणत होती, "तू सणाला येतोस, सण जेवतोस आणि जातोस. उरलेलं वर्ष मी एकटी ओढते." बस, एवढंच. मी टीव्ही बंद केला आणि परसात गेले. आई विहिरीवर वाकून दादांच्या पुडिंगचं पातेलं घासत होती. तिला तिथेच सांगावं असं मला वाटलं आणि सांगता आलं नाही. आठवडाभर ते वाक्य माझ्या डोक्यात होतं. दादांना ते कळलंच नसेल का? असेलही. पण जो माणूस मामाच्या पुटपुटण्याचाही अर्थ लावतो, त्याला हीच दोन वाक्यं कशी अडली?

पुढच्या रविवारी पुन्हा ओटी भरली. मास्तर आरामखुर्चीत, आत्या भिंतीला टेकून, आई नेहमीसारखी दाराच्या चौकटीत उभी, हातात फणसाच्या गऱ्यांचं ताट. ती जागा आली. दादांनी चित्र थांबवलं आणि म्हणाले, "दमलात ना प्रवासानं?"

"दादा," मी म्हणाले, "ती असं म्हणत नाही."

मी हे ठरवून बोलले नव्हते. पण ओघातही बोलले नाही, हे मी इथे कबूल करते. मला सगळ्यांदेखत बोलायचं होतं, कारण सगळ्यांदेखतच ते दरवर्षी बदललं जात होतं. दादांनी विचारलं, मग काय म्हणते? मी सांगितलं. शब्दाला शब्द, घोटून पाठ केलेलं.

कोणाला सिनेमातल्या बाईबद्दल काही वाटलं नाही. सगळ्यांनी आधी दादांकडे बघितलं, मग आईकडे, आणि शेवटी माझ्याकडे. मास्तर म्हणाले की दोन बुकं शिकल्यावर मुली घराला नावं ठेवतात, हे त्यांनी पाहिलं होतं, पण या घरात बघावं लागेल असं वाटलं नव्हतं. आत्या उठून माझ्यासमोर आली. "येवढं शिकलीस ती बापाला खोटं पाडायला गो? पाया पड त्याच्या, आणि चुकलं म्हण." मी म्हटलं, माझं चुकलेलं नाही, पुन्हा ऐकून बघा. आत्यानं दादांकडे बघितलं. दादा टीव्हीवर हात ठेवून उभे होते. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. ते म्हणाले, "शैला, माफी माग."

"नाही," मी म्हणाले.

तेवढ्यात आईनं ताट खाली ठेवलं. ती पुढे आली, ओटीवर बायका बसायच्या त्या बाजूनं नाही, मधून. म्हणाली, "मला परत ऐकायचंय तेवढं."

ती हे दादांना म्हणाली की मला, ते मला आजही माहीत नाही. दादा हलले नाहीत. मी उठून कॅसेट मागे नेली. ती बाई वळली, दोन वाक्यं बोलली. आईला इंग्रजीचं अक्षरही येत नव्हतं, पण ती पडद्याकडे असं बघत होती की जणू आवाजावरून खरंखोटं करते आहे. मग तिनं मला मराठीत पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं. आईनं मान हलवली. "बरोबर बोलली ती," म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली. लोक एकेक करून उठले. त्या दिवशी सिनेमा पुरा झाला नाही.

सुधीर आजही म्हणतो की मी त्या दिवशी एक सुंदर गोष्ट मोडली. मी त्याला म्हणते, ती मोडकीच होती, वरून चमकीचा कागद लावला होता. त्याला राग येतो. मलाही येतो, कारण तो सिनेमा मलाही आवडतो. जिन्याला चिकटलेले पाहुणे बघून मी या डिसेंबरातही एकटी बसून पोट धरून हसले. आवडणं म्हणजे डोळे मिटून घेणं, हे मला तेव्हा मान्य नव्हतं आणि आताही नाही.

त्यानंतर अकरा दिवस दादा माझ्याशी बोलले नाहीत. आत्यानं माझ्या पानात वाढणं सोडलं, मी माझं घेऊन जेवायचे. मास्तरांनी दादांना सांगितलं की मुलीचं शिक्षण पुरे झालं, पालीला त्यांच्या ओळखीचं एक चांगलं स्थळ आहे. दादांनी ते ऐकून घेतलं, हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. माझं एक वर्ष राहिलं होतं. घरात कोणी आवाज चढवत नव्हतं, आणि तेच जास्त भीतीदायक होतं. आई मात्र नेहमीसारखी कामं करत होती. फक्त एक फरक पडला. दादांच्या पुडिंगची पातेली तिनं विहिरीवर तशीच राहू दिली. पहिल्या दिवशी कोणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी दादांनी स्वतः घासली. जहाजावर ते घासायचेच की, तिथे कोण होतं त्यांचं?

बाराव्या दिवशी सकाळी दादा परसात बांगडे साफ करत बसले होते. मला हाक मारली आणि पाणी ओतायला सांगितलं. मी तांब्यानं पाणी ओतत राहिले. वर न बघता ते बोलले. म्हणाले, तो सिनेमा जहाजावर लागला तेव्हा आम्ही समुद्राच्या मध्यात होतो. आठ दिवस जमीन दिसली नव्हती. सगळे नुसते हसत होते. ती बाई ते बोलली आणि सगळे गप्प झाले. एक जण उठून बाहेर डेकवर गेला.

"मला समजलं नव्हतं असं नाही," दादा म्हणाले. "माझ्या तोंडानं ते तुझ्या आईसमोर बोलवेना."

माझ्या हातातला तांब्या थांबला. मला रडू येत होतं, पण त्या वयात मला रडण्यापेक्षा बोलणं महत्त्वाचं वाटायचं. मी म्हटलं, "मग मी बोलले, त्यात माझं काय चुकलं?"

"चुकलं नाही. पण लोकांसमोर बोललीस. त्याची माफी माग, मी विसरेन."

"लोकांसमोरच तुम्ही तिला कॉफी करायला लावत होतात."

त्यांनी मान वर केली. मला वाटलं आता हात उचलतील. आयुष्यात कधी उचलला नव्हता. ते उठले, माशांचं भांडं घेतलं आणि आत गेले. आम्ही दोघांनीही आपापली बाजू सोडली नाही. त्या महिन्याअखेर ते जहाजावर गेले तेव्हा मी पाया पडले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, आणि माफी हा शब्द आमच्या दोघांच्या मध्ये तसाच उभा राहिला. पण जाण्याआधी त्यांनी मास्तरांना पालीच्या स्थळाचं नाही म्हणून सांगितलं होतं, हे मला ते गेल्यावर कळलं.

आठ दिवसांनी पत्र लिहायची वेळ आली. मी कागद घेऊन बसले, आत्यानं सांगायला सुरुवात केली, इकडे सर्व क्षेम. आईनं माझ्या हातातून पेन काढून घेतलं. तिला चौथीपर्यंतचं लिहिता येत होतं, हे मी जवळजवळ विसरले होते. माजघरात पाटावर बसून तिनं लिहिलं, दुपारभर, मधेच उठून भाताखालचा जाळ ओढून पुन्हा. आत्यानं विचारलं, एवढं काय लिहितेस? आई म्हणाली, "वर्षाचं." पाकीट तिनं भाताच्या शितानं चिकटवलं. आत काय होतं ते मला माहीत नाही. तिनं सांगितलं नाही आणि दादा वारल्यावर त्यांच्या पेटीत सापडलेली आईची पत्रं मी उघडली नाहीत. ती माझ्यासाठी नव्हती. उत्तर आलं ते आमच्या सगळ्यांच्या नावानं नव्हे, तिच्या एकटीच्या नावानं.

पुढच्या रजेत दादा आले तेव्हा मी शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन घरी होते. मला वाटलं होतं कॅसेट आता कपाटातच राहील. पण रविवारी दुपारी त्यांनी टीव्हीवरचं फडकं काढलं आणि सुधीरला आळीत सांगायला पाठवलं. लोक आले. न यायला कारण शोधत आले, पण आले. मास्तरही आपल्या खुर्चीत बसले. दादांनी नेहमीसारखं सांगायला सुरुवात केली, मामाचे विनोद नवे होते, लोक हळूहळू हसायला लागले. स्वयंपाकघराची जागा जवळ आली तशी ओटी सावध झाली. काही जणांनी माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघत राहिले.

दादांनी चित्र थांबवलं नाही. त्या बाईला तिची दोन्ही वाक्यं पुरी बोलू दिली. मग आवाज बारीक केला आणि आईकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा सुटा म्हणाले, "तू सणाला येतोस, सण जेवतोस आणि जातोस. उरलेलं वर्ष मी एकटी ओढते."

मास्तर घसा साफ करून म्हणाले, "हे आधी नव्हतं."

"होतं," दादा म्हणाले. "मीच सांगत नव्हतो."